इंग्रजी पावसाचा जोडीदार



बैल घ्यायला बाजारात गेलेला जाणता शेतकरी एकट्या बैलाकडे पाहत नाही. घरी दावणीला उभ्या असलेल्या दुसऱ्या बैलाची उंची, चाल आणि वय त्याच्या डोळ्यांपुढे असते. नवा बैल अंगाने कितीही भरलेला असो, चाल जुळली नाही तर तास वाकडे जाते आणि दोन्ही बैल नाहक थकतात. आता पुष्कळ शिवारांत ट्रॅक्टर आले, दावणी ओस पडल्या. पण जोडी पारखण्याची ही नजर आपल्या जुन्या माणसांत अजून शिल्लक आहे.

शब्दांचेही असेच असते. आपले मूल ढसाढसा रडते, खदाखदा हसते, घटाघटा पाणी पिते, टकामका पाहते आणि दमले की गाढ झोपते. कोणी म्हणाले, "मूल खदाखदा रडते आहे," तर अंगणात खेळणारे चार वर्षांचे पोरही हसेल. काय चुकले ते त्याला नेमके सांगता येणार नाही. मोठ्यांनाही येणार नाही, कारण त्याला नियमच नाही. ढसाढसा हा शब्द वर्षानुवर्षे रडण्याबरोबर नांदत आला आणि खदाखदा हसण्याबरोबर, एवढेच त्याचे कारण. क्रिया कशी घडली हे सांगणाऱ्या अशा शब्दांना व्याकरणात क्रियाविशेषण म्हणतात. नाव जड आहे, पण काम सोपे आहे. क्रियापद हा एक बैल, तर क्रियाविशेषण हा त्याचा जोडीदार.

इंग्रजीतही प्रत्येक क्रियापदाचे ठरलेले जोडीदार असतात. त्यातल्या एकाच क्रियापदाविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. ते म्हणजे ‘रेन’, पाऊस पडणे. तुम्ही म्हणाल, बाई, शेतकऱ्याच्या घरात येणाऱ्या साप्ताहिकात ही इंग्रजीची शिकवणी कशाला? तर त्याला कारण आहे. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. घरोघरी मोबाईल आले आणि त्यावर हवामानाचे इशारे इंग्रजीतही येऊ लागले. औषधाच्या बाटलीवर इंग्रजी, बियाण्याच्या पिशवीवर इंग्रजी. मुलगा बारावीला गेला की घरातले कागदपत्र वाचण्याची आणि लिहिण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. शब्दाची जोडी चुकली तर परीक्षेतला अर्धा गुण जातो, एवढ्यावर आता भागत नाही. कधी कधी घरातला पैसा अडकतो. ती हकिकत पुढे सांगते.

मी आयुष्यभर खेड्यांतल्या शाळांत इंग्रजी शिकवले. ‘इट रेन्स’ हे वाक्य फळ्यावर लिहिले की दरवर्षी एक तरी हात वर येई. "बाई, हा ‘इट’ कोण?" प्रश्न खरा आहे. आपला पाऊस म्हणजे चालता-बोलता पाहुणा. तो येतो, पडतो, लागतो, धरतो, कोसळतो, झोडपतो, उघडतो, हुलकावणी देतो आणि ऐन पेरणीनंतर दडी मारतो. इंग्रजाच्या वाक्यात पाऊस हा कोणी नाहीच. पडण्याची क्रिया तेवढी आहे, आणि वाक्याला कर्ता हवा म्हणून ‘इट’ नावाचे एक बुजगावणे उभे केले आहे. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, अर्थही नाही; पण त्याच्यावाचून वाक्य उभे राहत नाही. असे सांगितले की मुले हसत आणि त्यांच्या ते कायमचे लक्षात राही.

आता जोडीदारांकडे येऊ. आपल्याकडे पाऊस कसा पडतो? भुरभुर पडतो, रिमझिम पडतो, पिरपिर करत राहतो, संततधार लागतो, मुसळधार कोसळतो, धो धो पडतो. मराठवाड्यात आणि विदर्भात झड लागते. नक्षत्राप्रमाणेही आपण त्याला ओळखतो. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा आणि पुष्याचा तो म्हातारा. ज्याचे पोट पावसावर आहे त्याच्या बोलीत पावसाचे इतके प्रकार असणारच.

इंग्रजीत ‘रेन’ला मिळणारे जोडीदार त्या मानाने थोडे, पण ठरलेले आहेत. हलका पाऊस पडला तर ‘इट रेन्ड लाइटली’. एका लयीत, न थांबता पडत राहिला तर ‘स्टेडिली’. सतत पडला तर ‘कंटिन्युअसली’. थांबण्याचे नावच घेईना आणि जीव विटला, तर ‘इन्सेसंटली’. मधूनमधून पडला तर बातमीच्या भाषेत ‘इंटरमिटंटली’ आणि घरगुती बोलण्यात ‘ऑन अँड ऑफ’. आणि मुसळधार पडला तर दोन शब्द: ‘हेविली’ आणि ‘हार्ड’. ‘इट रेन्ड हेविली’ म्हणा की ‘इट रेन्ड हार्ड’ म्हणा, पाऊस तोच. फरक इतकाच की ‘हेविली’ बातमीत, अहवालात आणि अर्जात शोभतो, तर ‘हार्ड’ बोलण्यात जास्त येतो.

आपली मुले इथेच अडखळतात. मुसळधार म्हणजे जोराचा पाऊस आणि जोर म्हणजे ‘स्ट्राँग’, असे मनात जुळवून ती ‘इट रेन्ड स्ट्राँगली’ लिहितात. अर्थ कळतो, पण कानाला ते खदाखदा रडण्यासारखे लागते. ‘स्ट्राँगली’ वाऱ्याला चालतो: ‘द विंड ब्लू स्ट्राँगली’. पावसाला चालत नाही. इंग्रजाच्या मनात पावसाला वजन आहे आणि वाऱ्याला ताकद आहे. ऊन मात्र ‘ब्राइटली’, लख्ख पडते. ज्याचा जोडीदार त्यालाच.

आणखी एक गंमत सांगते. आपण पावसाचा प्रकार बदलला की जोडीदार बदलतो आणि ‘पडणे’ तेच ठेवतो. इंग्रज पुष्कळदा क्रियापदच बदलतो. भुरभुर पाऊस म्हणजे ‘ड्रिझल’. धो धो पाऊस म्हणजे ‘पोअर’. म्हणून ‘इट पोअर्ड’ एवढे म्हटले की पुरे. त्याच्या मागे ‘हेविली’ लावायची गरज नाही, धो धो त्या क्रियापदाच्या पोटातच आहे. आपल्याकडेही ‘पाऊस कोसळला’ म्हटल्यावर जोरात का हळू, असे कोणी विचारत नाही. तसेच हे.

शाळेत एक वाक्प्रचार हमखास शिकवतात: पाऊस ‘कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे कुत्र्या-मांजरांसारखा पडतो. तो जुना आहे. १७३८ साली छापलेल्या जोनाथन स्विफ्टच्या पुस्तकात तो आढळतो. मुलांना तो फार आवडतो आणि मिळेल तिथे ती तो वापरतात. पण अर्जात, अहवालात त्याला जागा नाही. तहसील कचेरीत दिलेल्या अर्जात कोणी "आभाळ फाटून पाऊस नुसता नाचत होता" असे लिहिले तर जसे दिसेल, तसे ते दिसते.

आता ती हकिकत.

काही वर्षांपूर्वी परतीच्या पावसाने आमच्या भागातल्या सोयाबीनची दैना केली. काढून शेतात पसरलेले पीक दोन रात्री भिजत राहिले आणि शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटले. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याचे दोन एकर असेच गेले. भरपाईसाठी दूरच्या शहरातल्या एका कार्यालयाने त्याच्याकडून लेखी निवेदन मागवले. त्याचा मुलगा तालुक्याच्या कॉलेजात बारावीला होता. इंग्रजीत लिहिले म्हणजे वजन पडते, अशी आपल्याकडे समजूत आहे. मुलाने मोबाईलवर इंग्रजीत चांगले अर्धे पान निवेदन लिहून पाठवले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. बाप तो मोबाईल घेऊन माझ्या ओट्यावर आला. पोरगा मागे खाली मान घालून उभा.

"बाई, हे जरा वाचा," बाप म्हणाला. "दोन एकर सोयाबीन डोळ्यांदेखत कुजलं, आणि हे म्हणतात पाऊसच पडला नाही!"

मी वाचले. कार्यालयाने विचारले होते की, आपल्याच निवेदनाप्रमाणे त्या दोन रात्री पाऊस जेमतेमच झाला असल्यास नुकसान कशाने झाले, ते स्पष्ट करावे. मग मी मुलाचे निवेदन पाहिले. त्याने लिहिले होते, ‘इट हार्डली रेन्ड फॉर टू नाइट्स’. त्याला म्हणायचे होते, दोन रात्री जोराचा पाऊस झाला. वाक्याचा अर्थ झाला, दोन रात्री पाऊस जवळजवळ झालाच नाही.

बापाने कपाळाला हात लावला. "बारावी शिकतोय म्हणून याच्या हाती दिलं. मीच अंगठा लावून आलो असतो तर बरं झालं असतं."

पोरगा इतका वेळ गप्प होता. तो हळूच म्हणाला, "बाई, विशेषणाला ‘ली’ लावलं की क्रियाविशेषण होतं ना? स्लोचं स्लोली, हेवीचं हेविली. मग हार्डचं हार्डलीच होणार ना? आणि मराठीत ‘जोरात पडला’ म्हणतो, म्हणून ते आधी लिहिलं."

वाचकहो, या पोराला ‘ढ’ म्हणण्यापूर्वी जरा थांबा. त्याने शिकवलेला नियम पाळला होता. मराठीत क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी येते, ते त्याने आधी ठेवले होते. त्याचे डोके ठिकाणावर होते. शब्द मात्र नियमाबाहेरचा निघाला, आणि त्याची त्याला कोणी आगाऊ कल्पना दिली नव्हती. शाळेत नियम शिकवतात, शब्दांचा यादीवार अर्थ पाठ करून घेतात. कोण कोणाबरोबर नांदतो आणि कोणाबरोबर नांदत नाही, हे सांगायला तासिका पुरत नाही.

‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ एवढे दूर का गेले, हे समजून घेण्यासारखे आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी एक लहानसा ‘ए’ लावून क्रियाविशेषण होत असे. पुढे बोलता बोलता तो ‘ए’ झिजून गेला, आणि ‘हार्ड’ हा शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण अशी दोन्ही कामे करू लागला. ‘फास्ट’चेही तसेच. म्हणून ‘फास्टली’ असा शब्द इंग्रजीत चालत नाही.

दुसरीकडे ‘ली’ लावलेला ‘हार्डली’ही होताच. सुरुवातीला त्याचा अर्थ खरोखरच ‘जोराने’ असा होता. मग तो ‘कष्टाने, मुश्किलीने’ असा झाला. आणि जे मुश्किलीने होते ते थोडेच होते, म्हणून शेवटी त्याचा अर्थ ‘जेमतेम’, ‘नाहीच म्हणा ना’ असा ठरला. हे आपल्याला नवे वाटायला नको. आपणही म्हणतोच, "यंदा मुश्किलीने चार पोती झाली." त्यात कष्टाची गोष्ट नसते, पोत्यांच्या कमतरतेची असते. इंग्रजीचा ‘हार्डली’ हा आपल्या ‘मुश्किलीने’च्या वाटेनेच गेला. वाट ओळखीची निघाली की शब्द विसरत नाही.

मी मुलाला हे सगळे समजावले. मग म्हटले, "आता नवे निवेदन तूच लिही, पण मराठीत. पाऊस जोराचा होता की हळू, हे सांगू नकोस; किती मिलिमीटर झाला ते लिही." त्याने आमच्या महसूल मंडळाची पावसाची नोंद मिळवली. त्या दोन रात्री मिळून शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. कोंब फुटलेल्या शेंगांचे फोटो आणि पंचनाम्याची प्रत त्याने जोडली. पैसे मिळाले. उशिरा मिळाले आणि मागितले होते तितके मिळाले नाहीत, पण मिळाले.

मला मात्र पैशापेक्षा दुसरीच काळजी लागली होती. त्यानंतर कितीतरी दिवस तो पोरगा इंग्रजी म्हटले की अंग चोरायचा. कॉलेजात तोंड उघडेना. एका शब्दाने घरात त्याची किंमत उतरली आणि ती त्याने स्वतःच्या मनातही उतरवून घेतली. खेड्यातली कितीतरी हुशार मुले इंग्रजीपुढे अशीच गप्प होतात. बापाला मी एकदा बाजूला घेऊन एवढेच विचारले, "पहिल्यांदा औत धरलं तेव्हा तुमचं तास सरळ गेलं होतं का?" तो हसला आणि म्हणाला, "नाही बाई. पण माझ्या बापानं कासरा काढून घेतला नाही." त्यापुढे मला काही बोलावे लागले नाही.

‘हार्ड’चा घोटाळा पावसापुरता नाही. ‘वर्क हार्ड’ म्हणजे कसून काम करणे आणि ‘हार्डली वर्क’ म्हणजे नावाला काम करणे. लग्नासाठी मुलाची माहिती लिहिताना कोणी इंग्रजीत ‘अवर सन हार्डली वर्क्स’ असे लिहिले, तर मुलीचा बाप दुसरे स्थळ पाहील. ‘हेविली’चेही तसेच. पावसाला तो शोभतो, पण पिण्याशी जोडला की दारूचाच वास येतो. आजोबा उन्हाळ्यात तांब्या-तांब्या पाणी पितात, हे सांगायला कोणी ‘माय ग्रँडफादर ड्रिंक्स हेविली’ लिहिले, तर माळकरी आजोबांची अब्रू गेलीच म्हणून समजा. तसेच ‘लेट’ म्हणजे उशिरा, पण ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘नियर’ म्हणजे जवळ, पण ‘नियरली’ म्हणजे जवळजवळ. ही जुळी भावंडे दिसायला सारखी, पण स्वभाव वेगळे. मुलांना ती एकाच दिवशी, शेजारी शेजारी बसवून दाखवावीत.

चांगला पाऊस झाला हे आपण कसे सांगतो? आपल्याकडची इंग्रजी बोलणारी माणसे ‘इट रेन्ड वेल’ म्हणतात. आपल्या देशात ते कळते, कारण पाऊस आपल्यासाठी चांगला किंवा वाईट असतो. इंग्लंडचा माणूस बहुधा ‘वुई हॅड गुड रेन’ असे म्हणेल. तिथे पाऊस ही क्रिया ‘चांगली’ घडत नाही. पाऊस बारा महिने पाठीशी असला की त्याचे कौतुक कमीच होणार.

आता मोबाईलवर येणाऱ्या हवामान खात्याच्या इशाऱ्याकडे वळू. तिथे ‘रेन’ हे क्रियापद नसून नाम असते, म्हणून ‘हेविली’चा ‘ली’ गळतो आणि ‘हेवी रेन’ असे येते. त्याच्यामागे पुन्हा ‘व्हेरी’ आणि ‘एक्स्ट्रीमली’ असे आणखी जोडीदार लागतात. हे शब्द खात्याने मापाने बांधले आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हेवी’. ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘व्हेरी हेवी’. २०४.५ च्या वर म्हणजे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्याच्यासाठीही खात्याच्या मापात ‘एक्स्ट्रीमली’च्या पुढे शब्द नाही. म्हणून शब्द वाचावा, पण आकडा विचारावा.

पाऊस किती ठिकाणी होईल, यासाठीही असेच बांधीव शब्द आहेत. ‘आयसोलेटेड’ म्हणजे त्या विभागातल्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच्या पर्जन्यमापक केंद्रांवर, म्हणजे तुरळक ठिकाणी. ‘स्कॅटर्ड’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘फेअरली वाइडस्प्रेड’ म्हणजे निम्म्याहून जास्त, पाऊण हिश्श्यापर्यंत. आणि ‘वाइडस्प्रेड’ म्हणजे त्याहून अधिक, बहुतेक सगळीकडे. ‘आयसोलेटेड’ पुढे ‘हेवी’ पाहून कोणी धूळपेर करून बसला आणि त्याच्या गावावर थेंब पडला नाही, तर खाते खोटे बोलले असे म्हणता येत नाही. त्याने तुरळक ठिकाणी जोराचा पाऊस सांगितला होता, तुमच्या बांधावर सांगितला नव्हता.

पावसाहून अधिक जिवावर बेतणारे जोडीदार औषधाच्या डब्यावर असतात. त्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे ‘एक्स्ट्रीमली’, पिवळा म्हणजे ‘हायली’, निळा म्हणजे ‘मॉडरेटली’ आणि हिरवा म्हणजे ‘स्लाइटली’ विषारी. विष हा शब्द चौघांनाही समान, फरक केवळ जोडीदाराचा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे, कमी विषारी एवढेच. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. डब्यावरची वाक्येही जोड्यांचीच असतात. ‘शेक वेल’ म्हणजे चांगले हलवा. ‘वॉश थरोली’ म्हणजे नुसते पाण्यात हात बुडवून चालणार नाही, साबणाने खळखळून, नखांपर्यंत धुवा. ‘वॉश’ हे सर्वांना कळते, ‘थरोली’ वाचायचे राहून जाते, आणि खरी सूचना त्यातच असते. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला फवारणीच्या आदल्या रात्री ते सगळे मोठ्याने वाचायला लावा आणि मराठीत सांगायला लावा. त्यात मुलाची उजळणी होते आणि बापाचा जीव सांभाळला जातो.

मग या जोड्या शिकायच्या कशा? ही अडचण आपल्या एकट्याची नाही. गेल्या शतकात जपानमधल्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या हॅरल्ड पामर नावाच्या इंग्रज शिक्षकापुढे हाच प्रश्न उभा राहिला. जपानी मुलेही आपल्यासारखी नियम पाळत आणि जोडीत चुकत. त्याने एकत्र येणाऱ्या शब्दांच्या जोड्या गोळा केल्या आणि १९३३ साली टोकियोत त्या छापल्या. त्याच टोकियोत १९४२ साली हॉर्नबी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश निघाला. पुढे तो ऑक्सफर्डच्या छापखान्याने घेतला आणि आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांतही तो पोहोचला. २००२ साली ऑक्सफर्डने केवळ जोड्यांचा म्हणून वेगळा कोशही काढला. परक्याची भाषा शिकणाऱ्याला एकेकट्या शब्दाने भागत नाही, हे त्या लोकांनी वर्गात शिकवता शिकवता ओळखले.

आणि परक्यांनाही आपली भाषा शिकताना हेच कष्ट पडले आहेत. मोल्सवर्थ या इंग्रजाने कँडी बंधूंच्या आणि इथल्या शास्त्र्यांच्या मदतीने मराठीचा मोठा कोश केला. तो १८३१ साली निघाला. आवाजावरून घडलेले आपले कितीतरी शब्द त्याने त्यात टिपून ठेवले आहेत. ढसाढसा आणि खदाखदा यांतला भेद त्याला परका म्हणून कष्टाने शिकावा लागला असेल. तो तुम्हाआम्हाला आईच्या मांडीवर फुकट मिळाला.

कोश प्रत्येकाने विकत घ्यावा असे मी म्हणत नाही. चाळीस पानी वही पुरते. तिला ‘जोडीची वही’ म्हणा. त्यात एकटा शब्द लिहायचा नाही, हा तिचा एकच नियम. ‘रेन’ लिहिला की शेजारी ‘हेविली’, ‘स्टेडिली’, ‘लाइटली’. ‘स्लीप’ म्हणजे झोपणे, तर त्याच्या शेजारी ‘साउंडली’, गाढ. ‘क्राय’च्या शेजारी ‘बिटरली’. आपले मूल ढसाढसा रडते, इंग्रजाचे कडूजहर रडते. ‘लाफ’च्या शेजारी ‘हार्टिली’, मनापासून. ‘वेट’च्या शेजारी ‘पेशंटली’, धीराने. ‘लिसन’च्या आणि ‘रीड’च्या शेजारी ‘केअरफुली’. आणि प्रत्येक जोडीखाली आपल्या मराठीतली जोडी लिहायची. रोज एक जोडी झाली तरी वर्षात साडेतीनशेच्या वर होतात. वही मुलानेच लिहावी, पण मराठीची बाजू आजीला विचारावी. पावसाचे जे शब्द मुलाच्या पुस्तकात नाहीत ते आजीच्या तोंडात आहेत, आणि ते लिहून ठेवायला आज घरात कोणी बसत नाही.

दोन गोष्टी तेवढ्या सांगते. आपल्या राज्यात १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली आहे. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत तुमचा अर्ज मराठीत द्या, त्यात कमीपणा नाही. इंग्रजीत लिहिल्याने वजन पडते हा भ्रम आहे. वजन पडते ते आकड्याने, तारखेने आणि पुराव्याने. आणि जिथे इंग्रजीतच लिहिणे भाग आहे तिथे ‘इट रेन्ड हेविली’ लिहून पुढे मिलिमीटर लिहा. जोडीदार चुकला तरी आकडा साक्ष देतो.

दुसरी गोष्ट घरातली. पोराने इंग्रजीत चुकीची जोडी जुंपली तर त्याच्या हातचा कासरा काढून घेऊ नका. बरोबर जोडी दाखवा आणि पुढचे तास त्यालाच धरू द्या. इंग्रजी ही काही आकाशातून पडलेली विद्या नाही, पण ती रोजच्या सवयीने येते. मृगाची पहिली सर येईल तेव्हा मुलांना ओसरीत बोलवा आणि विचारा, आज पाऊस कसा पडतोय? आधी मराठीत सांगायला लावा, मग इंग्रजीत. आणि तुमच्या भागात पावसाला जे शब्द आहेत ते एका कागदावर लिहून या साप्ताहिकाकडे जरूर पाठवा. मलाही माझी वही पुढे न्यायची आहे.